आमचा संगणक आपोआप बंद-चालू का होत होता?

मित्र-मैत्रिणींनो आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

आपल्या शाळेतला संगणक तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. या पावसाळ्यात तो आजारी पडला होता आणि त्याचा आळ माझ्यावर आला होता. त्याचे दुखणे कसे सापडले, ते मी या लेखात सांगणार आहे. कोणाच्या घरी असाच प्रकार झाला तर उपयोगी पडेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून गावी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दोन वस्तू भेट दिल्या. एक रॅमची पट्टी आणि दुसरे त्याच्या घरचे जुने ग्राफिक्स कार्ड. रॅम म्हणजे संगणकाची काम करतानाची पाटी. पाटी मोठी असली की एका वेळी जास्त लिहिता येते. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरची चित्रे काढते. ते बसवल्यावर संगणकाचा पडदा आणि भिंतीवरचा प्रोजेक्टर दोन्ही एकदम चालू लागले. आम्हांला फार आनंद झाला.

जुलैमध्ये पालकसभा होती. गुरुजींनी पृथ्वीचा गोल फिरवून दाखवण्याचा कार्यक्रम लावला. भारत आला, कोकण किनारा आला, वाशिष्ठीचे मुख दिसू लागले. आता दाभोळचा धक्का दिसणार, इतक्यात पडदा काळा झाला! क्षणभराने संगणक आपला आपणच पुन्हा सुरू झाला. गुरुजींनी परत गोल लावला, परत तेच. मी सर्वांत जवळ बसले होते. मागून कोणीतरी म्हणाले, "काय गो, कसलं बटण दाबलंस?" मी काहीच दाबले नव्हते. पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून मला कोणी संगणकाजवळ बसू देईना. मी घरी जाऊन रडले.

गुरुजी म्हणाले, "आळ घेण्याआधी टिपण ठेवू." त्यांनी मला एक वही दिली. संगणक आपोआप बंद-चालू झाला की तारीख, वेळ, तेव्हा काय काम चालले होते आणि जवळ कोण होते, हे सर्व लिहायचे. आठवडाभरात तो नऊ वेळा बंद पडला. त्यातल्या आठ वेळा पृथ्वीचा गोल किंवा चित्रांचा खेळ चालू होता. पत्र टाईप करताना किंवा हजेरी भरताना तो एकदाही बंद पडला नाही. आणि नऊपैकी चार वेळा मी वर्गातच नव्हते. एकदा तर तापाने घरी झोपले होते. वही वाचून दाखवल्यावर माझ्यावरचा आळ गेला. पण मग दोष कोणाचा? तो शोधायला आम्ही एका वेळी एकच तपासणी केली. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही.

पहिली तपासणी, विंडोजची. मोठी चूक झाली की विंडोज निळा पडदा दाखवते आणि लगेच स्वतःला पुन्हा सुरू करते. म्हणून गुरुजींनी सेटिंगमधले 'आपोआप रीस्टार्ट' बंद केले. आता निळा पडदा थांबून राहिला असता आणि आम्हांला वाचता आला असता. पण निळा पडदा आलाच नाही, थेट काळोख. संगणकाच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद मिळाली. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. का, ते ती सांगत नाही. पण निळा पडदा नाही म्हटल्यावर संशय विजेकडे वळला.

दुसरी तपासणी, उष्णतेची. वायर काढून डबा उघडला. आत धुळीची गादीच होती! मऊ ब्रशने पंखे साफ केले. नंतर तापमान पाहिले तर ते ठीक होते. तरीही दुखणे तसेच.

तिसरी तपासणी, रॅमची. आपल्याकडची हवा खारी आणि दमट. रॅमच्या सोनेरी दातांवर थर बसतो. ते दात खोडरबराने हलके पुसले. मग एकदा फक्त जुनी पट्टी आणि एकदा फक्त नवी पट्टी लावून विंडोजमधला रॅम तपासण्याचा कार्यक्रम चालवला. दोन्ही पास झाल्या. गोल लावला की बंद पडणे मात्र चालूच.

चौथी तपासणी, शाळेच्या विजेची. आपल्याकडे पावसात दिवे लपलपतात हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून संगणक बंद पडेल तेव्हा ट्यूबलाईटकडे बघायला एका मुलाला बसवले. ट्यूब एकदाही लपलपली नाही. दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर लावून पाहिले, तेथेही तेच.

पाचवी तपासणी, कार्डाची. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवले. तीन दिवस संगणक एकदाही बंद पडला नाही. पुन्हा लावले तर पहिल्याच दिवशी दोनदा. सगळे म्हणाले, "कार्ड खराब आहे, फेकून द्या." पण गुरुजी ते दापोलीला एका दुकानात घेऊन गेले. तिथल्या संगणकात ते तासभर विनातक्रार चालले. म्हणजे कार्ड चांगले, पण आमच्या संगणकात चालत नाही. हे कोडे काही सुटेना.

रात्री जेवताना मी हे बाबांना सांगितले. बाबा मच्छीमारी बोटीवर इंजिन सांभाळतात. ते म्हणाले, "अगो, आपण विहिरीचा पंप लावला की स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणतो की नाही? कार्ड नवीन लावलंत, पण त्याला वीज पुरवणारा तोच जुना ना?" मला एकदम पटले.

संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला एस.एम.पी.एस. म्हणतात. तो भिंतीवरची २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघे मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेवर जेवतात. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे छापले होते. पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे फक्त १६ अँपिअर लिहिले होते. आता गुणाकार करा:

१२ × १६ = १९२ वॅट.

आता खाणारे मोजा. कार्डाला ज्या खाचेत बसवतात तेथून ७५ वॅटपर्यंत मिळतात, आणि सहा तारांच्या जोडणीतून आणखी ७५. म्हणजे जास्तीत जास्त १५०. प्रोसेसर ६५. डिस्क आणि पंखे सुमारे २०.

१५० + ६५ + २० = २३५ वॅट.

२३५ मधून १९२ गेले, ४३ वॅट कमी पडले! शिवाय डबा जुना. पत्र टाईप करताना कार्ड जवळजवळ झोपलेले असते, म्हणून भागत होते. पृथ्वीचा गोल फिरू लागला की ते भरपूर वीज ओढते. मग १२ व्होल्ट खाली येतात. ११.४ च्या खाली जाऊ नयेत असा नियम आहे. एस.एम.पी.एस. मुख्य पाटीला सतत 'सर्व ठीक आहे' असा इशारा देत असतो. व्होल्ट फार पडले की तो इशारा थांबतो, आणि संगणक सगळे सोडून पहिल्यापासून सुरू होतो. हाच आमचा काळा पडदा.

हाच नियम मोठ्या ठिकाणीही लागू आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात विजेची मागणी वाढलेली असताना एका मोठ्या वाहिनीवर जास्त भार आला, ती तुटली आणि तिच्या पाठोपाठ इतर वाहिन्याही बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या भागांत अंधार झाला. आपला पश्चिमेचा भाग वाचला. खाडीपलीकडे अंजनवेलला केवढा मोठा वीज प्रकल्प उभा आहे, पण वीज तयार करून भागत नाही, वाटेलाही तेवढा भार झेपावा लागतो.

मोठ्या गुरुजींनी नवा एस.एम.पी.एस. मागवला. त्याच्या १२ व्होल्टपुढे ३० अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे ३६० वॅट. नव्या संगणकाच्या मानाने फारच थोड्या पैशांत काम झाले. बसवून दोन आठवडे रोज गोल फिरवला. वहीत एकही नवी नोंद नाही.

दोन सूचना लक्षात ठेवा. संगणकाचा डबा उघडण्याआधी वायर काढा आणि मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आणि एस.एम.पी.एस.चा डबा तर कोणीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत तीनशे व्होल्टांच्या वर वीज काही काळ साठून राहू शकते.

नवी वस्तू आणताना ती चांगली आहे का, एवढेच बघून भागत नाही. तिला पोसणारा तेवढा समर्थ आहे का, तेही बघावे. आणि काही बिघडले की जवळ बसलेल्यावर आळ घेण्याआधी वही काढावी.

पुढच्या पालकसभेला सर्वांनी जरूर यावे. त्या दिवशी अर्धवट राहिलेला दाभोळचा धक्का आम्ही आकाशातून दाखवणार आहोत. गोल फिरवायला गुरुजींनी मला बसवले आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी