अँटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया वर्गात कसे दाखवायचे? प्रेशर कुकर आहे ना!

सर्दी झाली की थेट मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणारे आपल्या ओळखीत असतातच. पण सर्दी व्हायरसमुळे होते, तिच्यावर ही गोळी चालत नाही. ती चालते पोटातल्या बॅक्टेरियांवर. कमजोर मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. हाच अँटिबायोटिक रेझिस्टन्स. म्हणजे औषधाला सरावतात ते बॅक्टेरिया, आपलं शरीर नाही.

हे दाखवायला महागडी लॅबच हवी असं नाही. नंदुरबार, शहादा किंवा अक्कलकुव्याच्या कॉलेजातही जमेल.

काय लागेल?
• ऑटोक्लेव्हऐवजी प्रेशर कुकर. आत साधारण 120 अंश सेल्सिअस तापमान होतं, 20 मिनिटांत साहित्य निर्जंतुक.
• इन्क्युबेटरऐवजी कमी वॅटचा बल्ब लावलेला डबा आणि थर्मामीटर.
• अगरच्या पेट्री डिश, दोन वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या आणि मोजपट्टी.

डिशवर बॅक्टेरिया पसरवून चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोठं मोकळं वर्तुळ दिसलं, तर औषध लागू पडलं. बॅक्टेरिया चकतीपर्यंत वाढले, तर रेझिस्टन्स! 1966 साली प्रसिद्ध झालेली ही कर्बी-बाउअर पद्धत हॉस्पिटलच्या लॅब आजही वापरतात.

काळजी काय घ्यायची? निरुपद्रवी बॅक्टेरियाच वापरायचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून कॉलेजला ते मागवता येतात. वाढ झालेली डिश उघडायची नाही, टाकण्याआधी पुन्हा कुकरमध्ये निर्जंतुक करायची. त्या कुकरात स्वयंपाक नाही आणि हा प्रयोग घरी नाही.

घरी एवढंच पाहा: गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका.