‘राजी’ : पुण्यात घडलेला खेळ, खेळणाऱ्यांचा कौल

काय आहे? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा पुराणकथांवर बेतलेला व्हिडिओ गेम, ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला.

गोष्ट : असुर धाकट्या गोलूला पळवून नेतात. कसरतीचे खेळ करणारी त्याची बहीण राजी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन शोधाला निघते. निवेदक आहेत खुद्द दुर्गा आणि विष्णू.

काय आवडलं? राजस्थानी वळणाचे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग, भिंतीवरून धावत किंवा खांबाभोवती गरकन फिरत केलेला वार.

काय खटकलं? लढायांतला तोचतोचपणा, मोजक्या तासांत आटोपणारा खेळ आणि ऐन रंगात आल्यावर अर्ध्यावर सोडलेली गोष्ट.

दाद : ‘द गेम अवॉर्ड्स २०२०’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठी नामांकन.

पुढे काय? गोष्टींसाठी पुराणांतच शिरायला हवं असं नाही. उदाहरणार्थ, महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावाने १९२४ मध्येच अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह सर्वांना खुलं झालं होतं. पण दलितांना ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यायला सत्याग्रहाचा दिवस, २० मार्च १९२७, उजाडावा लागला आणि या हक्कावर उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. गेम घडवणाऱ्या मराठी पोरांनी असा इतिहासही अभ्यासून, जबाबदारीने हाताळून पाहावा.