आधी नळ पाहा, मग फरशी!

रेल्वेची नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. हाती फंडाचे पैसे असतात आणि मनमाडच्या नव्या कॉलन्यांच्या पाट्या खुणावत असतात. घर घ्यावे का? बंधूभगिनींनो, आम्ही म्हणतो, फरशी नंतर पाहा, आधी नळ पाहा. वागदर्डी धरण आणि पालखेडचे आवर्तन यांवर तगलेल्या या शहराने पंधरा-पंधरा दिवसांआड पाणी भरले आहे. करंजवण योजनेचे पाणी त्या गल्लीत पोहोचते का, हे बिल्डरला विचारू नका. तिथे राहणाऱ्या एखाद्या ताईंना विचारा. टाकी केवढी लागते, उन्हाळ्यात टँकर किती वेळा येतो, सारे त्याच सांगतील. बोअरचे पाणी चाखूनच पाहा.

मग कागद. सातबारा, बिनशेतीचा आदेश, नगरपरिषदेची मंजुरी. मोठ्या प्रकल्पाला २०१७ पासून महारेराची नोंदणी लागते, तो क्रमांक मागून घ्या. नोटरीच्या कागदावर भुलू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवा. आणि घर एकट्या पत्नीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. काही भाऊ कुरकुरतील. कुरकुरू द्या.