पाण्यावर फिर्याद

बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील ज्या गावांत ऐन हिवाळ्यात डोक्यावरचे केस मुठीत येऊ लागले होते, त्याच गावांतील काही जणांची नखे 2025 मध्ये, वैशाखाच्या तोंडावर, ठिसूळ होऊन बोटांपासून सुटत असल्याच्या बातम्या वाचून पुष्कळांना हे दुसरेच एखादे अरिष्ट उपस्थित झाले असे वाटले असल्यास नवल नाही. प्रस्तुत लेखकास मात्र ती बातमी वाचताना शेगावबरोबरच आमच्या तळवलीतील एका नव्या नवरीची आठवण झाली. तिचा आणि शेगावचा वस्तुतः काडीचा संबंध नसून, तो नसल्याचे ज्या एका साध्या गोष्टीने सिद्ध होते ती गोष्ट म्हणजे दिनदर्शिका होय.

आमची तळवली म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, घणसोलीच्या शेजारी, एका अंगाला कारखान्यांचा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला खाडी यांच्यामध्ये सापडलेले जुने आगरी गाव. भाताची खाचरे जाऊन तेथे चारमजली इमारती उभ्या राहिल्या. तथापि हळदीच्या रात्रीचा थाट तसूभरही कमी झालेला नाही. अशाच एका हळदीसाठी आमच्या शेजारच्या मुलीने गणपती गेले त्या आठवड्यापासून मार्गशीर्षातील लग्नापर्यंत भात, पोळी, डाळ, मासळी सर्व वर्ज्य करून केवळ काकडी, गरम पाणी आणि कसलेसे पिठाळ पेय यांवर निर्वाह केला, तेरा किलो वजन उतरविले आणि पिवळ्या साडीत ती खरोखरच सुरेख दिसली. लग्नानंतर ती उरणकडे सासरी गेली आणि तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच तिच्या फणीत केसांचे पुंजके अडकू लागले. जानेवारीचे ते दिवस, वृत्तवाहिन्यांवर शेगावविषयी ‘टक्कल व्हायरस’ या नावाने चाललेला गलबला, अशात तिची आई एका सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाली, “काका, पोरीचं केस मूठमूठ जातान, तिकरचा पानीच वंगाल!”

सासरचे पाणी! मराठी मुलखात केस गळाले की पहिली फिर्याद पाण्यावर दाखल होते. क्षार, बोअरवेल, टँकर आणि मोरबे धरण यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर मग शांपूवाल्याची पाळी येते. बुलढाण्यातही पहिला संशय पाण्यावरच गेला. नमुने तपासले गेले, त्यांत नायट्रेट अधिक आढळले, क्षारही अधिक आढळले आणि जणू पंचनामा पुरा झाला. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील तो सारा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. आज्यापणज्यांनी जे खारे पाणी पिऊन डोईवर भरघोस केस मिरविले, त्याच पाण्याने 2024 च्या डिसेंबरातच अकस्मात तीन दिवसांत माणसे बोडकी करावीत, हे विधान स्वीकारण्यापूर्वी कोणीतरी तारखांकडे पाहावयास हवे होते.

तारखा पाहावयाच्या म्हणजे काय, हे समजण्यास केसाचा जीवनक्रम थोडा सांगितला पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येकाची सेवापुस्तिका स्वतंत्र असते. दोन ते सहा वर्षे तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो. नंतर दोनतीन आठवडे आवरासावर करतो. त्यानंतर सुमारे तीन महिने मुळाशी नुसता स्वस्थ बसून राहतो आणि खालून नवा केस वर येऊ लागला की जागा रिकामी करतो. कोणत्याही दिवशी शेकडा 85 ते 90 केस कामावर आणि उरलेले रजेवर असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळतात ते या रजेवरील मंडळींपैकी, आणि ते गळतात म्हणून कोणाचे काही अडत नाही.

आता शरीरावर मोठा प्रसंग ओढवला, मग तो विषमज्वराचा असो, डेंग्यूचा असो, मोठ्या शस्त्रक्रियेचा असो, की हौसेने ओढवून घेतलेल्या उपासमारीचा असो, म्हणजे शरीराचा कारभारी खर्चाला कात्री लावतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी या शरीरातील अत्यंत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असून त्यांना प्रथिने, लोह, जस्त आणि ऊर्जा यांचा अखंड पुरवठा लागतो. हृदय, मेंदू, यकृत यांचे खर्च तहकूब करता येत नाहीत, पण केसांचे येतात. त्यामुळे एकदम हजारो केसांना मुदतीपूर्वीच रजेवर धाडण्याचे फर्मान सुटते. मौज अशी की फर्मान सुटल्याचा पत्ता त्या दिवशी कोणालाच लागत नाही. रजेवरचा केस दोनतीन महिने आपल्या जागी तसाच टिकून राहतो. ताप उतरतो, माणूस कामावर रुजू होतो, दुखण्याचा विसरही पडतो आणि मग एके दिवशी न्हाणीघराची जाळी तुंबते. त्या दिवशी माणूस कालचा शांपू आठवतो, गेल्या आठवड्यातील पाणी आठवतो. तीन महिन्यांपूर्वीचा ताप मात्र त्याला आठवत नाही.

या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 साली दिले. पुढे 1976 मध्ये तेथीलच दोन वैद्यांनी झपाट्याने वजन उतरविणाऱ्या नऊ जणांची हकीकत प्रसिद्ध केली. आहार तोडल्यापासून दोन ते पाच महिन्यांनी त्यांचे केस गळू लागले होते. आमच्या नवरीने गणपतीनंतर अन्न तोडले आणि पौषात केस गळाले. म्हणजे तिचे प्रकरण या हिशेबात बिनचूक बसते आणि उरणचे पाणी निर्दोष सुटते. करोनाच्या साथीत घरोघर हेच घडले; आणि आज वजन उतरविण्याची जी महागडी इंजेक्शने शहरांतून चर्चेचा विषय झाली आहेत, त्यांच्या माहितीपत्रकांतही दुष्परिणामांच्या यादीत केसगळतीची नोंद आढळते. त्यात औषधाचा वाटा किती आणि वेगाने उतरणाऱ्या वजनाचा किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या घरातील जुन्या बायका म्हणत की, बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळू लागतात. बाळाच्या हसण्याने केस गळत नाहीत हे उघड आहे. पण मूल ओळखीचे हसू लागते ते दुसऱ्यातिसऱ्या महिन्यात, आणि गरोदरपणात संप्रेरकांच्या प्रभावाने जागीच रोखून धरलेले केस बाळंतपणानंतर एकदम सुटतात तेही त्याच सुमारास. कारण चुकले, परंतु तारीख अचूक टिपली गेली! क्लिगमनसाहेबांच्या कितीतरी आधी हे पंचांग माजघरात तयार होते.

आता शेगावकडे वळू. तेथे प्रकरण तीन महिन्यांचे नव्हते, तीन दिवसांचे होते. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि आठवड्याच्या आत टक्कल, असा क्रम बोंडगाव, काळवड, हिंगणा इत्यादी गावांतून कळू लागला आणि जानेवारी संपेपर्यंत सुमारे पावणेतीनशे माणसांची नोंद झाली. तरुणांनी लाजेकाजेने डोकी साफ भादरून घेतली, ठरू घातलेल्या सोयरिकी अडल्या. नुसत्या उपासाने किंवा तापाने केस विरळ होतात, निम्म्याहून अधिक सहसा जात नाहीत. आठवड्यात संपूर्ण टक्कल पडणे हे त्या शांत प्रकाराच्या स्वभावातच नाही. कर्करोगाच्या औषधांनी पडते तसे ते टक्कल. म्हणजे रजेवर गेलेले केस नव्हेत, ऐन कामावर असताना मुळावर घाव बसून जागीच कोसळलेले केस. आणि असा घाव बहुधा विषाचा असतो.

ही दिशा धरून जो माणूस मूळ शोधावयास निघाला त्याच्याविषयी चार ओळी अधिक लिहिल्या तर वाचकांनी क्षमा करावी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या शेतकरी कुटुंबातील. सरकारी नोकरीत महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रावर ते रुजू झाले तेव्हा कोकणातील लाल विंचू दंश करी आणि धडधाकट पोरे एका रात्रीत दगावत. बावस्करांनी केले काय, तर रुग्णाच्या उशाशी बसून घाम केव्हा फुटला, रक्तदाब केव्हा चढला, फुप्फुसांत पाणी केव्हा भरले याची वेळेनिशी टिपणे ठेवली. त्या टिपणांतून मृत्यूची वाट कळली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ती अडविता आली. लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने खेड्यातल्या या डॉक्टरचे लेखन छापले. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. विंचवाच्या प्रकरणात त्यांनी घड्याळ वाचले होते, शेगावच्या प्रकरणात त्यांनी दिनदर्शिका वाचली, असे मला वाटते. आणि हा माझा पक्षपात आहे असे कोणी म्हटल्यास मी तो मान्य करीन.

स्वतःच्या खिशातील सुमारे 92 हजार रुपये खर्चून त्यांनी रक्त, लघवी, केस आणि शिधावाटप दुकानातील गहू यांची तपासणी करविली. गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. सर्वसाधारण मर्यादा 0.1 ते 1.9 मानली जाते. गहू धुऊन पाहिला तरी आकडा 13.61 च्या खाली उतरला नाही. म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे, दाण्याच्या अंतरंगात मुरलेले द्रव्य. वर्तमानपत्रांनी ‘600 पट’ हा मथळा उचलला, तो स्थानिक गव्हाशी केलेल्या तुलनेचा. मला त्यापेक्षा पोळीचा हिशेब अधिक बोलका वाटतो: प्रौढ माणसाने दिवसात फार तर 400 मायक्रोग्रॅम सेलेनियम घ्यावे असे शास्त्र सांगते, दिवसाकाठी पाव किलो कणकेच्या पोळ्या खाणाऱ्या मजुराच्या पोटात या गव्हातून साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे मर्यादेच्या सुमारे नऊपट जाईल. शिवाय रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आढळले, असेही त्यांचे निरीक्षण आहे.

सेलेनियम हे 1817 साली बर्झेलियस यांनी शोधलेले, चंद्रदेवतेच्या नावाने ओळखले जाणारे मूलद्रव्य. गंधकाचे ते सख्खे भावंड, आणि खोडीही तीच: केस व नखे ज्या केराटिनाची बनलेली असतात त्याचे बंध गंधकाने जोडलेले असतात, सेलेनियम फार झाले की ते गंधकाच्या जागी तोतयासारखे बसते आणि बांधकाम कच्चे राहते. चीनमधील हुबेई प्रांतात, एन्शी भागात, 1960 नंतरच्या काही वर्षांत नेमके असेच गावेच्या गावे केस व नखे गमावून बसली होती. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातील काही जमिनींत शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेले सेलेनियम साठलेले आहे, हे तेथील कृषी विद्यापीठातील संशोधकांनी फार पूर्वीच दाखवून दिलेले आहे. आणि शिधावाटपाचा गहू उत्तरेकडून येतो हे कोणाला ठाऊक नाही?

तरीही शंका उरतेच. तोच गहू जर गावोगावच्या दुकानांत गेला असेल तर आपत्ती मोजक्याच गावांवर का? पोत्यांच्या एकाच थप्पीत सारे विष एकवटले होते, की तेथील मातीपाण्याने त्यात भर घातली? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके 2025 च्या जानेवारीतच गावांत येऊन नमुने घेऊन गेली. त्या तपासणीचे जे काही निष्पन्न असेल ते इंग्रजी दप्तरात बांधून न ठेवता बोंडगावच्या चावडीवर, मराठीत, कोणत्या गोदामातून कोणत्या तारखेस कोणता माल उचलला गेला याच्या इत्यंभूत तपशिलासह वाचून दाखविले जावे, ही मागणी काही अवास्तव नव्हे.

आणि नखांचे म्हणाल तर तेही पंचांगात बसते. बोटाचे नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास सरकते. संपूर्ण नवे यावयास सहा महिने लागतात. डिसेंबरात मुळाशी बसलेला घाव वर येऊन दिसावयास एप्रिल उजाडणे क्रमप्राप्त होते. म्हणून हे नवे अरिष्ट नसून जुन्याच अरिष्टाची उशिरा पोहोचलेले टपाल असावे, असे मानण्यास जागा आहे. मात्र तो गहू अद्याप कोणाच्या कणगीत शिल्लक नाही ना, याची खातरजमा तारखांच्या भरवशावर सोडता येणार नाही.

राहता राहिला बाजार. बायोटिनच्या गोड गोळ्या हल्ली औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारीच मांडलेल्या असतात. वास्तविक बायोटिनची उणीव क्वचित आढळते. उलट त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 सालीच दिला आहे. उपास किंवा दुखणे यांनंतरची गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप थांबते, आणि या सहा महिन्यांत जी गोळी घेतली असेल तिला श्रेय मिळते, हे या धंद्याचे इंगित आहे. रक्तातील लोह पाहून घ्यावे, पोटभर जेवावे. गळलेल्या केसाच्या टोकाशी इवलासा पांढरा, मुद्गराच्या आकाराचा गोळा दिसला तर तो रजेवरचाच केस होता असे समजून स्वस्थ असावे. पण केस काही दिवसांतच गेले, चकत्या पडल्या, किंवा सहा महिन्यांनंतरही खंड पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

गेल्या रविवारी ती मुलगी माहेरी आली होती. वजन चार किलो परत आले आहे, ते तिला मुळीच आवडलेले नाही. कपाळावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिले असून ते कशानेही बसत नाहीत अशी तिची तक्रार होती. आईने तेलाची वाटी पुढे सरकविली आणि विचारले, उरणला आता नळ आला का? आला, ती म्हणाली. “मंग बराबर,” आई म्हणाली, “पानी सुधारला.”