आठ पट म्हणजे स्वस्त?

“अगं, जरा वेळ आहे का तुला? एक कागद दाखवायचाय.”

बचत गटाची बैठक आटपून मी चटया गुंडाळत होते. बाकीच्या बायका चपला घालून निघाल्या होत्या, पण शेजारच्या काकू मात्र घुटमळत होत्या. पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. वर एका कंपनीचं नाव. कारखान्यांना लागणारी हत्यारं बनवणारी कंपनी. ड्रिल, टॅप, कटर असा सगळा माल. खाली आकडेच आकडे, आणि त्यातल्या एका आकड्याभोवती पुतण्याने लाल पेनाने गोल केलेला : ‘पी/ई ८’.

“तो म्हणतो, बाकीच्या कंपन्या तीस पटीला चालल्यात, ही आठला मिळतेय. एफडी मोडून टाक यात. तुला काय वाटतं?”

मला काय वाटणार! मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण काकूंच्या त्या एफडीत काय आहे, ते मला ठाऊक होतं. काका भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं राबले आणि निवृत्तीनंतर चारच वर्षांत गेले. त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी, सगळं त्या एका पावतीत होतं. महिन्याचा किराणा आणि काकूंच्या गोळ्या त्याच व्याजावर चालतात. तेव्हा ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणून हात झटकणं काही बरं वाटेना. आमच्या गटाचे हिशेब तपासायला एक निवृत्त अकाउंटंट येतात, त्यांच्याकडे आम्ही दोघी कागद घेऊन गेलो. त्या दुपारी जे समजलं, ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

त्यांनी सुरुवात केली पिठाच्या गिरणीपासून. “वहिनी, समजा कोपऱ्यावरची गिरणी विकायला निघाली. खर्च वजा जाता वर्षाला एक लाख सुटतात. मालक आठ लाख मागतोय. म्हणजे नफ्याच्या किती पट झाले?” आठ पट. हाच तो पी/ई! शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. नफा असाच राहिला, तर आठ वर्षांच्या नफ्यात किंमत वसूल. आपण फ्लॅट घेताना चौरस फुटाचा दर विचारतो, तसाच हा धंद्याचा दर.

“मग आठ म्हणजे स्वस्तच की!” मी म्हटलं.

“थांबा. मालकाने एक लाख कुठून काढले? दिवाळीच्या महिन्यात भाजणी दळायला रांगा लागतात. त्याच महिन्याची कमाई धरून बारानं गुणलं असेल तर?”

इथे माझी ट्यूब पेटली. हत्यारांच्या धंद्याला अशी दिवाळी आणि असा आषाढ वर्षा-दोन वर्षांनी येत-जात असतो. गाड्यांचे कारखाने जोरात चालले, बांधकामं निघाली की ड्रिल आणि कटर खपतात. तेवढ्यात वितरकही दुकानात जास्तीचा माल भरून ठेवतात. मग मंदीची चाहूल लागली की कारखाना खरेदी कमी करतो आणि वितरक आधी आपला साठा संपवतो. हत्यार बनवणाऱ्याला दोन्हीकडून मार! यंत्रं, पगार, शेडचा खर्च मात्र चालूच. त्यामुळे विक्री थोडी घटली तरी नफा धाडकन खाली येतो. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो म्हणून पी/ई सगळ्यात लहान दिसतो, आणि मंदीच्या तळाला नफा आटलेला असतो म्हणून तो मोठा दिसतो. म्हणजे स्वस्त दिसतं तेव्हा जपायचं, महाग दिसतं तेव्हा नीट बघायचं. सगळं उलटंच की!

अर्थात सगळी हत्यारं सारखी नसतात. जातं एकदाच घेतो, पण टाकी मात्र पुन्हा पुन्हा लावावी लागते. मोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची मागणी एखाद्या वर्षी आटूनच जाते. झिजणारा माल बनवणाऱ्या कंपनीला, म्हणजे ड्रिल, कटरची पाती, ग्राइंडिंग व्हील वगैरे, कारखाना चालू असेपर्यंत थोडाफार धंदा राहतोच. म्हणून या दोघींचे पी/ई शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे जातं आणि टाकी एका तराजूत तोलणं.

मग त्यांनी वहीत एक उदाहरण मांडलं. सगळे आकडे समजुतीसाठी, गोल गोल. शेअरचा भाव ४०० रुपये. शेअरमागे नफा पाच वर्षांत अनुक्रमे १२, ८, २०, ३० आणि यंदा ५०. यंदाच्या नफ्याने भागलं तर आठ पट. पण ५० मधले २० रुपये कारखान्यामागची रिकामी जमीन विकून आलेले. जमीन काय दरवर्षी विकता येते? तेव्हा यंदाचा खरा नफा ३०. पाच वर्षांची बेरीज १००, सरासरी २०. आता भाग द्या, ४०० भागिले २०. आठ पटीचे झाले वीस पट! कागद तोच, कंपनी तीच. पाच, सात किंवा दहा वर्षांची सरासरी धरून नफा मोजावा, हा सल्ला बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी १९३४ मध्येच आपल्या पुस्तकात दिलेला आहे. तरी आपण लाल गोलाला भुलतोच.

“हे वहीतलं झालं. खरंच असं होतं का हो?” काकूंनी विचारलं. होतं तर! पिवळ्या मोजटेपमुळे स्टॅनली हे नाव आपल्याकडच्या सुतारांनाही ठाऊक आहे. अमेरिकेतली ही कंपनी १८४३ सालची. १९१० मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक अँड डेकरशी २०१० मध्ये तिचं विलीनीकरण झालं. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी दुरुस्त्या, सुतारकाम काढलं आणि हत्यारांना अफाट मागणी आली. २०२१ मध्ये शेअर दोनशे डॉलरच्या वर गेला. मग लाट ओसरली, गोदामात माल साठला आणि २०२२ च्या अखेरीस भाव ७५ डॉलरच्या आसपास आला. त्या वर्षी शेअरमागे एकूण नफा सुमारे पावणेसात डॉलर. म्हणजे पी/ई साधारण अकरा. स्वस्तच वाटावा! पण त्याच वर्षी कंपनीने आपला सिक्युरिटीचा व्यवसाय सुमारे ३.२ अब्ज डॉलरला विकून टाकला होता, आणि नफ्यातला बहुतेक भाग त्यातला होता. हाती राहिलेल्या धंद्याचा नफा शेअरमागे एक डॉलरच्या जरासा वर. त्या हिशेबाने पी/ई सत्तरच्या घरात! पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, कंपनीला तोटाच झाला. तोट्याने भागून पी/ई निघतच नाही. एकाच शेअरचे अकरा, सत्तर आणि ‘निघत नाही’ असे तीन भाव वर्षभराच्या आत. गणित चुकलं नव्हतं हं, ‘नफा कोणता’ हा प्रश्न विचारायचा राहिला होता.

चहा झाला आणि दुसरा प्रश्न आला : कर्ज. दोन फ्लॅट आहेत. एक चाळीस लाखांचा, पण त्याच्यावरचं तीस लाखांचं कर्ज तुमच्या गळ्यात. दुसरा साठ लाखांचा, कर्ज नाही. स्वस्त कोणता? दुसराच ना! कंपनीचंही असंच बघायचं. शेअर बाजारातल्या एकूण किमतीत कर्ज मिळवायचं, हाताशी असलेली रोकड वजा करायची. ही झाली धंद्याची पूर्ण किंमत, तिला म्हणतात ईव्ही. आणि तिला भागायचं ते व्याज, कर आणि घसारा कापण्याआधीच्या कमाईने, म्हणजे एबिटडाने. (नाव ऐकून मला आधी हसूच आलं!)

वहीतल्या कंपनीचे एक कोटी शेअर धरले. बाजारातली किंमत ४०० कोटी, कर्ज ३५० कोटी, रोकड ५० कोटी. ईव्ही ७०० कोटी. एबिटडा १०० कोटी, म्हणजे सात पट. शेजारी दुसरी कंपनी मांडली. बाजारातली किंमत ६०० कोटी, कर्ज शून्य, एबिटडा तेवढाच १०० कोटी. सहा पट. हिचा निव्वळ नफा ६० कोटी, म्हणून पी/ई दहा. नुसता पी/ई पाहिला तर आठवाली स्वस्त. कर्ज धरलं तर दहावालीच स्वस्त! शिवाय मंदी आली तर पहिलीला बँकेचा हप्ता चुकत नाही.

पण एबिटडालाही डोळे मिटून भुलायचं नाही. त्यात घसारा धरलेला नसतो. आपला मिक्सर रोज थोडा झिजतो, एक दिवस नवा घ्यावाच लागतो. हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यातली यंत्रं महागडी असतात, तीही झिजतात. तो खर्च आज दिसत नाही म्हणून नाहीच, असं थोडंच आहे?

तिसरा आकडा पुस्तकी किमतीचा, म्हणजे पी/बी. कंपनीची मालमत्ता वजा देणी, त्याच्या किती पट भाव आहे ते. तो आधाराला बरा, पण जपून. जुनी जमीन हिशेबात जुन्याच भावाने लिहिलेली असते, आणि न खपलेला माल मात्र चांगला म्हणून लिहिलेला असू शकतो. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे, ते ट्रंक उघडल्याशिवाय कळत नाही.

शेवटी त्यांनी काकूंना पाच प्रश्न लिहून दिले. नफा किती वर्षांचा धरलाय? त्यात एकदाच आलेले पैसे किती? कर्ज किती? माल कोणाला जातो, सगळा एकाच गिऱ्हाइकाला तर नाही ना? आणि तुलना केलीय ती तशाच कंपन्यांशी केलीय का, की सिमेंट आणि साबणवाल्यांशी? कंपनीच्या वार्षिक अहवालात बहुतेक उत्तरं सापडतात. सगळं बघूनही सल्ला हवाच असेल, तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा घ्यावा. आणि ज्या पैशाच्या व्याजावर घर चालतं, तो पैसा कुठल्याही पटीला शेअरमध्ये घालू नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

परत येताना काकू गप्प होत्या. कोपऱ्यावर आल्यावर एकदम म्हणाल्या, “हे तर आमच्या घरात मी तीस वर्षं बघितलंय गं! ओव्हरटाइम जोरात असला की हे पेढे आणायचे, आणि लगेच म्हणायचे, ‘जपून खर्च कर, पुढच्या वर्षी बसून राहावं लागेल.’ आणि खरंच, वर्षा-दोन वर्षांनी आठवड्यातून दोन दोन दिवस कारखाना बंद असायचा. पुतण्याचा हा आठ म्हणजे पेढ्याचं वर्ष आहे!”

मी बघतच राहिले. जे समजायला मला अख्खी दुपार आणि तीन कप चहा लागला, ते काकूंना डब्याच्या वजनावरून आणि पगाराच्या पाकिटावरून केव्हाच कळलेलं होतं. फक्त त्याला पी/ई म्हणतात, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

एफडी मोडली नाही. पुतण्याला काकूंनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, “पाच वर्षांचा नफा आणि कर्ज लिहून आण, मग बोलू.” तो जरा फुरंगटला. पण परवा जिन्यात भेटला, तर काखेत कंपनीचा वार्षिक अहवाल होता. “काकू, जमीन विकली होती हो त्यांनी,” एवढंच म्हणाला.