नमनालाच घडाभर तेल!

प्रत्येक घरात एक कोपरा असा असतो, जिथे न झालेली कामं गुण्यागोविंदानं नांदत असतात. कुणाकडे तिथे झाकण घातलेलं शिलाई मशीन असतं, कुणाकडे मुलीसाठी हौसेनं आणलेली पेटी, तर कुणाकडे ‘तीस दिवसांत’ काहीतरी शिकवणारं, पण सातव्या पानावर अडकलेलं पुस्तक. आमच्याकडे तो कोपरा म्हणजे माझ्या टेबलाचा डावा खण. त्यात तीन जाड वह्या आहेत. एकीत पात्रांची वंशावळ, दुसरीत गावाचा नकाशा, तिसरीत प्रकरणांचा तक्ता, तोही लाल-निळ्या शाईत. एकदा आवराआवर करताना सौभाग्यवतींनी त्या तिन्ही वह्या शांतपणे चाळल्या आणि म्हणाल्या, ‘‘यात कादंबरी सोडून सगळं आहे.’’

हसलो, पण वाक्य लागलं. कारण ते खरं होतं.

चालढकल करणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणतो. तो नेहमीच आळशी असतो असं नाही. उलट पुष्कळदा तो भारी उद्योगी असतो. तो याद्या करतो, चौकशा करतो, चांगली वही शोधतो, चांगला दिवस शोधतो. नमनालाच घडाभर तेल जाळतो आणि नाटक सुरू व्हायच्या वेळी दिवा विझलेला असतो. गंमत म्हणजे या तयारीतही काम केल्याचं समाधान मिळतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना वाटतं, आज बरंच झालं. काय झालं, ते मात्र सांगता येत नाही.

या विद्येत मी पारंगत झालो तो बँकेच्या नोकरीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाखेत होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता; तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. अक्राणीच्या डोंगरातला एक शेतकरी ऑईल इंजिनासाठी कर्ज मागायला आला. नाल्याच्या कडेला दोन-अडीच एकर जमीन, मिरची लावायचा विचार. मी त्याला कागदांची यादी दिली: सातबारा, सोसायटीचा बेबाकी दाखला, इंजिनाचं कोटेशन, पाणी उपशाची परवानगी. तो एक कागद आणी, मी दुसरा सांगे. माझं काही चुकत होतं असं कुणी म्हणालं नसतं. फाईल देखणी झाली होती. परिपूर्ण फाईल म्हणून मी ती वरिष्ठांना दाखवलीही असती.

कर्ज मंजूर झालं आणि मी पाहणीला गेलो. शेतात पाऊल टाकलं तर मिरचीचा पहिला तोडा होऊन गेलेला! शेजारच्या गावातून त्यानं इंजिन भाड्यानं आणलं होतं, बदल्यात मिरचीतला वाटा कबूल केला होता. मी जरा ओशाळून म्हटलं, ‘‘दादा, थोडं थांबला असता तर पूर्ण पीक तुमचंच झालं असतं.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘साहेब, तुमचा कागद थांबतो. रोप नाही थांबत.’’

वाटा गेला तो त्याचा. उशीर माझा होता. पण त्यानं माझ्या उशिराला आपला हंगाम गिळू दिला नाही. अर्ध्या सोयीवर त्यानं पूर्ण काम सुरू केलं.

पुढे त्याच डोंगरांत याहून मोठं उदाहरण पाहायला मिळालं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं जाणार होती. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली. नर्मदेच्या काठच्या या पाड्यांवर शाळा नव्हत्या असं नाही. कागदावर होत्या. इमारत कागदावर, गुरुजी कागदावर, हजेरीही कागदावर! नर्मदा बचाओ आंदोलनाच्या लोकांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन मार्ग होते. सरकारी शाळा खऱ्या अर्थानं सुरू होईपर्यंत अर्ज करत राहायचं, किंवा आपणच मुलं गोळा करून बसायचं. त्यांनी दोन्ही केलं, पण मुलांना अर्जाच्या उत्तरासाठी ताटकळत ठेवलं नाही. चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या. लाकूड-बांबू गावाचं, श्रम गावाचे, आणि चार इयत्ता शिकलेली गावातलीच पोरं गुरुजी. मुलांना समजेल अशा त्यांच्याच बोलीतून, पावरीतून आणि भिलोरीतून, धडे सुरू झाले.

विचार करा, या मंडळींना ‘थांबू या’ म्हणायला किती सबळ कारण होतं! जे गावच पाण्याखाली जायचं, तिथे शाळा कशाला बांधायची? आधी धरणाचा निकाल लागू दे, पुनर्वसन कुठे होतं ते कळू दे, मग पाहू. पण सहा वर्षांचं मूल निकालाची वाट पाहत सहा वर्षांचं राहत नाही. निकाल लागेपर्यंत त्याचं शिकायचं वय निघून गेलं असतं. लढाई आणि पढाई बरोबरीनं, हा त्या शाळांचा बाणा होता. धरणाविषयी कुणाचं मत काहीही असो, त्या झोपडीत पाटी घेऊन बसलेलं मूल त्या दिवशी शिकलं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आता अलीकडचं. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत नंदुरबारची अवस्था बिकट होती. दुर्गम आदिवासी जिल्हा, ऑक्सिजन बाहेरून आणायचा. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर. शेजारच्याच साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, गरीब भिल्ल कुटुंबात वाढलेले. त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प उभा केला. त्याची क्षमता मिनिटाला ६०० लिटर. या यंत्राचं तत्त्व सोपं आहे: हवा दाबानं आत घ्यायची, झिओलाइट नावाच्या खड्यांकडून तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवायचा आणि उरलेला ऑक्सिजन थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत न्यायचा. टँकर नको, सिलिंडरची धावाधाव नको.

पुढे लाट ओसरली. देशभर हायसं वाटलं. ‘आता कशाला?’ असं विचारायची हीच ती वेळ होती. पण काम थांबलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी प्रकल्पांची भर पडली. मग एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. मोठमोठ्या शहरांत माणसं सिलिंडरसाठी रांगेत उभी होती, आणि सगळ्यांत मागास म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन स्वतः तयार करत होता. पहिल्या यंत्राच्या वेळी दुसऱ्या लाटेची तारीख कुणाला ठाऊक होती? कुणालाच नाही. सगळं कळल्यावर पाऊल उचलायचं ठरवलं असतं तर तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी आली असती.

इथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, ‘‘म्हणजे योजना नकोच म्हणता? विचार न करता विहीर खणायची?’’

नाही हो. पाणी कुठे लागेल हे खणण्याआधी जाणकाराला विचारावं. पैसे किती लागतील हेही मांडून पाहावं. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस दुसरं काय सांगणार? पण प्रश्न दोन जातींचे असतात. काहींची उत्तरं कागदावर मिळतात, काहींची फक्त कामातच मिळतात. विहिरीचा खर्च कागदावर कळतो. पंधरा फुटांवर खडक कसा लागेल, हे पहारीलाच कळतं. आपली चूक होते ती दुसऱ्या जातीचे प्रश्न कागदाला विचारत बसण्यात. माझ्या नायिकेचा स्वभाव मी तक्त्यात शोधत होतो. तो मला सापडणार होता तिच्या तोंडी पहिलं वाक्य घातल्यावर.

साने गुरुजींचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. ती प्रवचनं गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, अवघ्या पाच दिवसांत! लोक हा पाच दिवसांचा चमत्कार सांगतात. मला त्यामागचं वेगळंच दिसतं. गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात वर्षानुवर्षं मुलांशी बोलत, त्यांच्यासाठी हातानं लिहीत आले होते. त्यांची तयारी झाली ती काम करता करता. तुरुंगात त्यांना ना शांत खोली होती, ना सोयीचं टेबल. मला दोन्ही होतं, म्हणून मी वहीला पुठ्ठा घालत बसलो!

मग आपण का थांबतो? मला वाटतं, भीतीमुळे. डोक्यातलं काम सुंदर असतं. कागदावर उतरलं की ते ओबडधोबड निघतं. पहिली पोळी नकाशासारखीच होते. पण ती केल्यावाचून दुसरी गोल होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आम्ही शिकलेले मात्र पहिलीच पोळी गोल व्हावी म्हणून पिठाचा अभ्यास करत राहतो.

या भीतीची किंमत काय असते, ते सांगतो. माझी फुई, म्हणजे आत्या, तापीकाठी प्रकाशाजवळच्या एका खेड्यात राहायची. आखाजीची, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, असं सारं तिला तोंडपाठ. अक्षरओळख मात्र नाही. ही गाणी उतरवून घ्यायची असं मी किती वर्षं घोकत होतो! टेपरेकॉर्डर घेतला, कोऱ्या कॅसेट घेतल्या. प्रत्येक गाण्यासाठी चौदा रकान्यांचा तक्ता आखला: प्रसंग, महिना, चाल, बोली, पाठभेद... फक्त सवड तेवढी हवी होती. ती पुढच्या दिवाळीत मिळणार होती. भेटीला गेलो की फुईच विचारायची, ‘‘भाऊ, तुझं ते मशीन आणलं का रे?’’ मी म्हणायचो, ‘‘पुढच्या खेपेला, नीट बसून करू.’’

ती गेली एका मार्गशीर्षात. कॅसेटवरचे प्लास्टिकचे कागदही मी काढले नव्हते.

बाराव्याचं आटोपून घरी आलो. रात्री झोप येईना. चौदा रकान्यांची ती वही उघडली, तिची मागची बाजू काढली आणि आठवेल तसं लिहायला बसलो. चार ओव्या आठवल्या, त्याही तुटक. मग तिचं बोलणं आठवलं, तिची चूल, दारातलं जातं. पहाटेपर्यंत तीन पानं झाली. भाषा धड नव्हती, खाडाखोड फार. पण माझ्या पहिल्या कादंबरीची ती पहिली तीन पानं होती. त्या कादंबरीचं पुढे कौतुक झालं. दर वेळी मला वाटतं, हीच पानं दहा वर्षं आधी, तिच्या ओसरीवर बसून, त्याच वहीत, साध्या पेन्सिलीनं लिहिता आली असती. मशीनची काय गरज होती?

वाचकहो, आज रविवार आहे. तुमच्याही घरात तो कोपरा असेल. मी पंचांग पाहायला सांगत नाही, संकल्प सोडायलाही नाही. संकल्पांचे हप्ते थकवण्यात आपण सगळेच तरबेज आहोत! एवढंच करा: चहा झाला की त्यातलं एक काम बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं त्याला हात लावा. मशीनमध्ये दोरा ओवून जुन्या उशीला एक शिवण घाला. पेटीचा भाता हलवा, सूर बेसूर निघाला तरी चालेल. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याचं ‘एकदा नीट बसून’ ऐकायचं राहिलंय, तर नीट बसायची वाट पाहू नका. आज भाजी निवडता निवडताच विचारा.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हिवाळ्यात जाऊन पाहा. ओली लाल मिरची नजर पोहोचेल तिथवर पसरलेली असते. अवकाळी पावसाची धास्ती सगळ्यांनाच असते. एक सर आली तरी नुकसान ठरलेलं. तरी मिरची पसरावीच लागते. ढगांच्या भीतीनं ती ढिगात ठेवली, तर पाऊस न येताही ती सडते.

डावा खण मी परवा पुन्हा उघडला. त्या तीन वह्यांतला एक तक्ता अजून कोराच आहे. त्याच्या पाठीवर हा लेख लिहिला.