तसबीर लावताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बदलापूरला नव्या घराचा ताबा मिळाला की भिंतीत पहिला खिळा जातो तो बहुधा देवाच्या तसबिरीसाठी. मागोमाग आजोबांचा फोटो येतो, वास्तुशांतीला मिळालेलं निसर्गचित्र येतं, लेकीने काढलेलं वारली चित्रही फ्रेम होऊन येतं. दोन-तीन पावसाळे गेले की काचेआड कागदाला लाटा पडलेल्या दिसतात, रंग फिकटतात. एखादी तसबीर इतकी वर लागलेली असते की तिच्याकडे घरातलं कुणी पाहतच नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात घरं लहान, पाऊस दांडगा आणि भिंती नाना तऱ्हेच्या. इथे तसबीर लावताना दोनच कसोट्या पुरतात : ती रोज नीट दिसली पाहिजे आणि तिच्यातला कागद टिकला पाहिजे. या कसोट्यांवर आपले बरेचसे नेहमीचे समज उतरत नाहीत.

गैरसमज : तसबीर उंचावरच शोभते.

वस्तुस्थिती : जुन्या वाड्यांत आणि चाळींत तसबिरी खरोखरच उंचावर असत, पण त्या पुढे झुकवलेल्या असत. खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड दोरीवर सुटी. माणसं जमिनीवर बसत, त्यांची नजर खालून वर जाई. त्या झुकावामुळे चित्र बसलेल्याच्या समोर येई आणि काचेवरची चकाकीही कमी होई. आज आपण झुकाव सोडून दिला आणि उंची मात्र तशीच ठेवली.

उभ्याने पाहायच्या चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर असावा, असा प्रघात जगभरच्या कलादालनांत आहे. हिशेब सोपा आहे. तसबीर 24 इंच उंच असेल, तर तिचा अर्धा भाग 12 इंच. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येत असेल, तर खिळा 57 अधिक 12 वजा 3, म्हणजे 66 इंचांवर. जिथे आपण बहुतेक वेळ बसलेले असतो, तिथे हा मध्य आणखी खाली आणावा. सोफ्याच्या पाठीपासून तसबिरीच्या खालच्या कडेपर्यंत 6 ते 8 इंच जागा पुरते. देवाच्या आणि पूर्वजांच्या तसबिरींचा मान वेगळा, तो घरच्या रितीप्रमाणे राखावा. बाकीच्या चित्रांना मात्र छताकडे पाठवण्याचं काही कारण नाही.

गैरसमज : छापील चित्र ते, त्याचं काय एवढं?

वस्तुस्थिती : मराठी घरांच्या भिंतींवर चित्रं आली तीच मुळी छापखान्यातून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात चित्रशाळा उभी राहिली आणि देवादिकांची, मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या ऐपतीत आली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या स्टेशनांवरून कर्जतमार्गे पुण्याला जाणारी गाडी घाट चढून याच मळवलीवरून जाते. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून एकाच कागदावर एकामागून एक छाप घेतले जात आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर वॉर्निश चढवलं जाई. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यात काम करत होते. पुढच्या पिढीत रघुवीर मुळगावकरांची देवदेवतांची चित्रं कॅलेंडरवरून थेट चौकटीत गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या गावात झुलेलाल या सिंधी समाजाच्या दैवताची जी तसबीर मानाच्या जागी दिसते, तीही बहुधा छापीलच असते.

म्हणून आजीच्या घरातली जुनी तसबीर रद्दीत देण्याआधी भिंगाखाली पाहा. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, तर जुन्या शिळाछापात ते अनियमित, दाणेदार असतात. असा कागद मिळाला तर नव्या चौकटीत बसावा म्हणून त्याच्या कडा कापू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.

गैरसमज : काच बसवली की चित्र सुरक्षित.

वस्तुस्थिती : काच धूळ अडवते, हात अडवते, उजेड अडवत नाही. साधी काच अतिनील किरणांचा एक भाग रोखते आणि बराचसा आत सोडते. शिवाय डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग खातो. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर साधारण 50 लक्स एवढाच उजेड ठेवतात, भर उन्हात तोच आकडा 1 लाखाच्या घरात जातो. दुकानाच्या दर्शनी भागातलं जुनं छापील चित्र निळसर झालेलं आपण पाहतो, ते यामुळेच. पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात, निळा मागे उरतो. उडालेला रंग परत येत नाही.

इथे ऋतूंचाही एक फसवा खेळ आहे. आपण साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे ते जुलै दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसं आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन खोलीत खोलवर शिरतं. उन्हाळ्यात सुरक्षित वाटलेली भिंत हिवाळ्यात रोज काही तास उन्हात असते. म्हणून जागा पक्की करण्याआधी तिथे हिवाळ्यात ऊन कुठवर पोचतं ते आठवून पाहा.

काचेइतकंच महत्त्व माउंटला आहे. चित्राभोवतीचा तो जाड कागदी काठ केवळ शोभेचा नसतो, तो चित्राला काचेपासून दूर ठेवतो. दमट हवेत काचेला चिकटलेला कागद सोडवताना रंगही निघून येतो. फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त माउंट मागून घ्या. स्वस्त करड्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करतं.

गैरसमज : ओल किंवा भेग दिसू नये म्हणून तिथे तसबीर लावावी.

वस्तुस्थिती : या एका सवयीने चित्राचंही नुकसान होतं आणि घराचंही. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती चार महिने सपाटून भिजतात. अशा भिंतीला तसबीर चिकटून राहिली की मागे हवा फिरत नाही. मग बुरशी येते, कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि कसर लागते. मोलाचं चित्र आतल्या भिंतीवर लावावं, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत अशा भिंतीवर. तसबिरीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवल्या की मागे बोटभर फट राहते. खर्च काही रुपयांचा, पण त्याने चित्राचं आयुष्य वाढतं.

भेगेची गोष्ट याहून गंभीर आहे. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. गिलाव्याची केसासारखी बारीक भेग निराळी आणि रुंदावत जाणारी, तिरपी किंवा गंजाचे डाग सोडणारी भेग निराळी. दुसऱ्या प्रकारची भेग तसबिरीआड लपवली, तर ती वाढते आहे हेच कुणाला दिसत नाही. 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. अशी भेग दिसली की आधी सोसायटीला कळवा आणि अभियंत्याला दाखवा. चित्र नंतर लावता येईल.

गैरसमज : लहान खोलीत लहानच फ्रेम लावाव्यात, त्याही सुट्यासुट्या.

वस्तुस्थिती : दहा बाय बाराच्या खोलीत चार भिंतींवर विखुरलेल्या लहान फ्रेम पसाऱ्यासारख्या दिसतात. त्याच फ्रेम एका भिंतीवर, दोन ते तीन इंचांचं सारखं अंतर ठेवून एकत्र लावल्या की त्यांचं एक मोठं चित्र होतं. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वरच्या मांडणीची एकूण रुंदी त्या फर्निचरच्या साधारण दोन-तृतीयांश असावी.

मांडणी शिकायला लांब जायला नको. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे वर्ष आहे. त्या शिलाहारकालीन मंदिराच्या बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत, तरी नजर गोंधळत नाही. प्रमुख मूर्ती भिंतीच्या पुढे आलेल्या मधल्या भागात आहेत, बाकीच्या त्यांच्या दोन्ही बाजूंना, आणि आडवे थर त्या सगळ्यांना बांधून ठेवतात. घरातही हेच करावं. सर्वांत मोठं किंवा जिव्हाळ्याचं चित्र मध्याजवळ घ्या, बाकीची त्याच्याभोवती आणि सगळ्यांना जोडणारी एक आडवी रेषा धरा. आधी वर्तमानपत्राचे त्या त्या मापाचे तुकडे कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस येताजाता पाहा. पटलं की मगच भोक पाडा. सरळपणा डोळ्यांवर सोडू नका, पाणसळ लावा.

गैरसमज : खिळा काय, कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : आधी वजन पाहा. 3 मिलिमीटर जाडीची काच दर चौरस फुटाला सुमारे 700 ग्रॅम भरते. म्हणजे 2 बाय 3 फुटांच्या तसबिरीत नुसती काच चार किलोंच्या पुढे जाते, लाकूड आणि पाठ निराळी. मग भिंत पाहा. जुन्या विटांच्या भिंतीत गिलाव्यापलीकडे विटेपर्यंत पोचलेला स्टीलचा खिळा हलकी तसबीर धरतो. नव्या टॉवरांमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत, ज्यांना कारागीर सिपोरेक्स म्हणतात, खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज निघतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचा लांब प्लग आणि स्क्रूच हवा. काही नव्या इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या असतात, तिथे हॅमर ड्रिल लागतं. बीम आणि कॉलममध्ये भोकं पाडू नका. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेतही ड्रिल लावू नका, कारण वायरी बहुधा त्याच रेषेत असतात.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कार्यालयांना आणखी एक पथ्य आहे. शेजारी यंत्रं चालत असतील तर कंपनाने तसबीर सरकते. एका खिळ्याऐवजी सारख्या उंचीवर दोन हुक लावले की ती जागची हलत नाही. तिथे काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर वजन निम्म्याने कमी होतं आणि पडलं तरी काचा उडत नाहीत.

येत्या रविवारी एवढं करा : घरातली एक तसबीर उतरवा, उलटी करा आणि मागचा पुठ्ठा हाताने चाचपून पाहा. ओलसर लागला, वास आला किंवा डाग दिसले, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. जागा बदला, पाठ बदला, खाली चकत्या लावा. त्यातला आजोबांचा चेहरा पुन्हा छापून मिळेलच असं नाही.